मोठ्या आतड्यातला लायपोमा आणि इंटससेप्शन: स्कॅनमध्ये काय दिसतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'कोलोकोलिक इंटससेप्शन, लीड पॉइंट फॅट डेन्सिटीचा, लायपोमाची शक्यता.' अशी ओळ असलेला सीटीचा रिपोर्ट घेऊन येणारे नातेवाईक फार नसतात, पण जे येतात त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. त्या ओळीचा साधा अर्थ: मोठ्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरलाय (इंटससेप्शन) आणि त्याच्या टोकाशी चरबीची गाठ (लायपोमा) असावी. मधले काही प्रश्न रेडिओलॉजीच्या रेसिडेंटना आणि फॅमिली डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतील. रुग्णांनी ते सोडून पुढे गेलं तरी काही बिघडत नाही.

इंटससेप्शन म्हणजे आतड्याला पीळ पडणं का?

नाही, बोलताना दोन्हीला 'पीळ' म्हटलं जात असलं तरी. पीळ पडतो तेव्हा आतड्याचं वेटोळं स्वतःभोवती फिरतं. इंटससेप्शनमध्ये आतड्याचा वरचा भाग खालच्या भागाच्या पोकळीत शिरतो, पूर्ण बाह्यांच्या शर्टाची बाही आतल्या आत ओढली जावी तसा. शिरताना तो एकटा जात नाही. त्याला धरून असलेली मेझेंटरी, म्हणजे रक्तवाहिन्या आणि चरबी असलेला पडदा, तीही सोबत ओढली जाते. तिथे जागा अपुरी पडली की आधी अशुद्ध रक्ताच्या शिरा दाबल्या जातात, कारण त्यांच्यातला दाब कमी असतो. रक्त येत राहतं पण परत जात नाही, आणि आतड्याची भिंत सुजते. पुढे धमन्याही बंद पडल्या तर भिंत मरू लागते. स्कॅनवर जे जे शोधायचं असतं ते सगळं या क्रमातूनच येतं.

हा तर लहान मुलांचा आजार ना? आमच्या आईला साठी गाठत आली आहे.

बरोबर ऐकलंत. इंटससेप्शनच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ९५ मुलं असतात, त्यातही बहुतेक सहा महिने ते दोन वर्षं वयाची. त्यांच्यात सहसा गाठबीठ काही नसते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका पेशी एखाद्या संसर्गात सुजतात आणि तेवढं निमित्त पुरतं.

मोठ्या माणसांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यात दहापैकी साधारण नऊ वेळा आतड्यात काहीतरी सापडतं, ज्याच्या आधाराने आतडं पुढे ओढलं गेलं. त्याला लीड पॉइंट म्हणतात. आतड्याच्या आकुंचनाची लाट अन्नाला ढकलते तशीच गाठीलाही ढकलते. गाठ भिंतीला धरलेली असल्यामुळे भिंतही तिच्यामागे जाते. म्हणून मोठ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'इंटससेप्शन' लिहिलं तर काम अर्धंच झालं. टोकाशी काय आहे, हा खरा प्रश्न. तो रिपोर्टने सोडवायचा असतो, निदान विचारायचा तरी असतो. 'क्लिनिकली कोरिलेट करा' (म्हणजे रुग्ण तपासून तुम्हीच ठरवा) एवढं लिहून तो सर्जनच्या गळ्यात टाकण्याची पद्धत मला पटत नाही.

टोकाशी काय काय असू शकतं?

मोठ्या आतड्यात शिरकाव झाला असेल तर निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा कारण कॅन्सर निघतं, बहुतेक वेळा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींचा कॅन्सर. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, क्वचित. लहान आतड्यात चित्र बरंचसं उलटं, तिथे साध्या गाठी जास्त: पॉलिप (अस्तरावर उगवलेली गाठ), लायपोमा, मेकेल्स डायव्हर्टिक्युलम ही जन्मजात पिशवी. मात्र मेलानोमासारख्या (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) दुसरीकडच्या कॅन्सरच्या गाठी लहान आतड्यात उतरून हेच करू शकतात. अपेंडिक्समध्ये चिकट द्रव साचून फुगलेला म्युकोसील सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, शिरतो तेही पाहायला मिळतं.

मोठ्या आतड्यात इंटससेप्शन घडवणाऱ्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात पुढे आहे लायपोमा. या पानाचा विषय तोच.

लायपोमा म्हणजे कॅन्सर का?

नाही. ती चरबीच्या प्रौढ, निरोगी पेशींची गाठ आहे आणि तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही असंच धरलं जातं. मोठ्या आतड्यातल्या साध्या गाठींमध्ये ॲडेनोमा पॉलिपनंतर तिचा क्रमांक लागतो. साधारण ५० ते ७० या वयात, स्त्रियांमध्ये किंचित जास्त, आणि बहुतेकदा उजव्या बाजूला, म्हणजे सीकम आणि चढत्या कोलनमध्ये (मोठ्या आतड्याच्या वर चढणाऱ्या भागात) ती सापडते. दहातल्या नऊ गाठी आतल्या अस्तराखाली, सबम्युकोसात असतात. तिथूनच त्या पोकळीत लोंबायला लागतात. काही जणांना एकापेक्षा जास्तही असतात. आतड्यातल्या लायपोमाचं पहिलं वर्णन बाउअर यांनी १७५७ मध्ये केलं असं ग्रंथांत सांगितलं जातं, तेव्हा आजार नवा नाही. नवीन एवढंच की आता तो पोट न उघडता ओळखता येतो.

छोट्या लायपोमाचा त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये तो अवचित दिसतो. दोन सेंटिमीटरच्या पुढे तक्रारी सुरू होऊ शकतात. चार सेंटिमीटरच्या वर गेला की त्याला 'जायंट' म्हणतात, आणि इंटससेप्शन घडवणारे बहुतेक लायपोमा या मोठ्या गटातले असतात.

बाबांच्या पाठीवर चरबीची गाठ आहे. तीच आत पसरली असेल का?

नाही. पाठीवरच्या गाठी फार जणांना असतात आणि त्या आतड्यात 'उतरत' नाहीत.

मग इतके महिने कुणाला कळलं कसं नाही?

कारण दुखणं येऊन-जाऊन असतं. मुलांमध्ये ओरडून रडणं, पोटात लांबट गोळा आणि जेलीसारखी लाल शी ही त्रयी पुस्तकात वाचायला मिळते. मोठ्यांमध्ये ती क्वचितच पूर्ण जुळते. मधूनमधून कळ येते, तासाभरात आतडं आपोआप मोकळं होतं, माणूस पुन्हा लोकल पकडून कामावर जातो. मुंबईत अशा कळेला आधी 'गॅस' म्हणतात, मग 'बाहेरचं खाल्लं असेल', मग ॲसिडिटीची गोळी. यात फॅमिली डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटदुखीच्या शंभर रुग्णांमध्ये हा आजार एकालाही नसतो. संडासवाटे रक्त किंवा आव पडली तर मूळव्याध म्हणून मलम दिलं जातं. लायपोमाच्या टोकाला घासून जखम झाली की खरंच रक्त जातं, कधी हळूहळू हिमोग्लोबिन उतरतं. चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशा वारंवार कळा, त्यासोबत रक्त जाणं किंवा वजन घटणं, एवढं जुळलं की तपासणी लांबवू नये.

पोट फुगून टणक होणं, हिरव्या उलट्या, वारा आणि संडास दोन्ही बंद, ताप, किंवा थांबतच नाही अशी कळ असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

सोनोग्राफी केली होती. त्यात का दिसलं नाही?

दिसू शकतं, आणि चांगल्या हातात बऱ्याचदा दिसतंही. आडव्या छेदात एकात एक अशी वर्तुळं दिसतात, लांबीच्या छेदात किडनीसारखा आकार. टोकाला असलेला लायपोमा पांढरट, कडा स्पष्ट असलेला गोळा म्हणून उठून दिसतो. मुलांमध्ये सोनोग्राफी हीच पहिली आणि बहुतेकदा शेवटची तपासणी असते.

मोठ्यांमध्ये दोन अडचणी. अडथळ्यामुळे आतड्यात गॅस साचतो आणि ध्वनिलहरी गॅसमधून जात नाहीत. जाड पोटात त्या खोलवर पोहोचत नाहीत. दुसरं म्हणजे वेळ. कळ नसताना केलेल्या सोनोग्राफीत आतडं मोकळं झालेलं असू शकतं. 'सोनोग्राफी नॉर्मल' याचा अर्थ त्या वेळेपुरतं काही दिसलं नाही, एवढाच घ्यावा. शक्य असेल तर कळ चालू असतानाच तपासणी करून घेणं फार उपयोगी पडतं.

सीटी स्कॅनमध्ये नेमकं काय शोधतात?

मोठ्या माणसांमध्ये सीटी हीच मुख्य तपासणी. शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या आणि अवयव उजळ दाखवणारं औषध) देऊन पोर्टल व्हीनस फेजमध्ये, म्हणजे ते औषध यकृताकडे जाणाऱ्या शिरेत पोहोचतं त्या वेळी, केलेला पोट आणि ओटीपोटाचा स्कॅन सहसा पुरतो. अडथळा असलेल्या रुग्णाला तोंडाने लिटरभर कॉन्ट्रास्ट पाजण्याचा आग्रह नको. उलटी होते आणि वेळ जातो.

पहिलं काम शिरकाव ओळखणं. आडव्या छेदात बाहेरचं, म्हणजे शिरकाव झेललेलं आतडं एक जाड कडं म्हणून दिसतं. आत शिरलेलं आतडं मध्यभागी, आणि दोघांच्या मध्ये एका बाजूला सरकलेला चरबीचा काळसर चंद्रकोरी पट्टा. त्याला टार्गेट साइन म्हणतात. छेद आतड्याच्या लांबीने गेला तर तीच रचना लांबट सॉसेजसारखी दिसते. सूज वाढून थर एकमेकांत मिसळले की पुन्हा किडनीसारखा गोळा. रेसिडेंट कधी कधी हे तीन वेगळे प्रकार असल्यासारखे पाठ करतात. प्रकार एकच, छेद कोणत्या दिशेने गेला आणि रक्तपुरवठा किती वेळ अडकला यावर त्याचं रूप बदलतं.

दुसरं काम टोक गाठणं. इथे कोरोनल (समोरून पाहिलेल्या) आणि सॅजिटल (बाजूने पाहिलेल्या) प्रतिमा उपयोगी येतात, कारण कोण कोणात शिरलंय ती दिशा त्यांत लगेच समजते. दिशा कळली की आतल्या आतड्याचा माग काढत त्याच्या पुढच्या टोकापर्यंत जायचं. लीड पॉइंट तिथेच बसलेला असतो.

तिसरं काम मोजणं. सीटीतला प्रत्येक ठिपका एका आकड्यात मोजला जातो. या मापाला गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं नाव दिलं आहे. सीटीसाठी त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. या मापात पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर. चरबी साधारण उणे ४० ते उणे १२० मध्ये. टोकाची गाठ गोल किंवा अंडाकृती, कडा गुळगुळीत, आतून एकसारखी आणि आकडा या पट्ट्यात असेल तर लायपोमा म्हणायला फारशी शंका उरत नाही. शरीरातल्या फारच थोड्या गाठींचं निदान सुई न टोचता, नुसत्या आकड्यावर इतक्या खात्रीने करता येतं. म्हणून इथे चुकारपणा नको.

मोजण्याचं वर्तुळ गाठीच्या मध्यात ठेवायचं. कडेला ठेवलं तर शेजारच्या भिंतीचे किंवा हवेचे आकडे त्यात मिसळतात आणि चरबी मांसल वाटते, नाहीतर उलट. त्याच छेदातली पोटाच्या कातडीखालची चरबीही मोजून घ्यावी. दोन्ही आकडे जवळपास आले की शंका कमी होते.

आणखी एक गोष्ट, जी फिल्मवर वाचणाऱ्यांना नडते. नेहमीच्या सॉफ्ट टिश्यू विंडोमध्ये (विंडो म्हणजे कोणते आकडे किती गडद दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) चरबी गडद राखाडी आणि हवा काळी असते, पण छापलेल्या फिल्मवर दोन्ही काळेच दिसतात आणि लायपोमा म्हणजे आतड्यातला गॅसचा बुडबुडा वाटून जातो. स्क्रीनवर विंडो रुंद केली, सरळ लंग विंडो लावून पाहिली, की हवा आणि चरबी वेगळ्या होतात. म्हणूनच दुसरं मत घ्यायला जाताना फिल्मच्या पिशवीपेक्षा सीडी किंवा पेन ड्राइव्ह जास्त मोलाचा.

आत ओढलेली मेझेंटरीही चरबीच असते. मग ती आणि लायपोमा यांत गल्लत होत नाही का?

होते. नवख्यांची सर्वाधिक फसगत इथेच, आणि दोन्ही बाजूंनी. कधी मेझेंटरीच्या चरबीलाच लायपोमा म्हटलं जातं. कधी खरा लायपोमा 'मेझेंटेरिक फॅट असेल' म्हणून सोडून दिला जातो.

रक्तवाहिन्यांवरून वेगळं करता येतं. मेझेंटरीच्या चरबीतून कॉन्ट्रास्टने उजळलेल्या रक्तवाहिन्या धावताना दिसतात आणि त्या मागे, बाहेरच्या मेझेंटरीशी जोडलेल्या असतात. तिचा आकारही लांबट किंवा चंद्रकोरीसारखा, आतल्या आतड्याच्या एका अंगाला. लायपोमा मात्र पोकळीत असतो. त्याच्या आरपार अशा वाहिन्या जात नाहीत आणि त्याच्याभोवती आतड्याच्या अस्तराची उजळलेली बारीक रेघ असते. छेद एकेक करत पुढे सरकवत रक्तवाहिन्यांचा पाठलाग करा. जिथे त्या संपतात त्याच्याही पुढे चरबीचा गोळा उरला असेल, तर तो लायपोमा. एखाद-दुसऱ्या छेदावर नजर टाकून हा निर्णय करू नये.

आकडा चरबीचा आला, तरी रिपोर्टमध्ये 'शक्यता' असंच का लिहिलंय?

काही वेळा रेडिओलॉजिस्ट जरुरीपेक्षा जास्त सावध असतात, हे खरं. पण सावधगिरीला कारणंही आहेत.

अडकलेला लायपोमा वेळ जाईल तसा बदलतो. टोकाला घासून अस्तर सोलवटतं, आतली चरबी रक्ताअभावी मरते, सूज येते. मग एकसारखा गडद दिसणारा गोळा आतून धाग्यादोऱ्यांनी भरल्यासारखा दिसतो आणि आकडा वर चढतो, क्वचित इतका की चरबी ओळखूच येत नाही. अशा वेळी गाठीचा एखादा तरी शुद्ध चरबीचा भाग शोधावा लागतो.

दुसऱ्या टोकाला लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कॅन्सर. मोठ्या आतड्यात तो अत्यंत दुर्मीळ आहे. तरीही गाठीत जाड पडदे असतील, कॉन्ट्रास्टने उजळणारे मांसल गोळे असतील, तर 'लायपोमा' हा शब्द ठामपणे लिहिता येत नाही. पंचाईत अशी की रक्तपुरवठा तुटलेला साधा लायपोमाही थोडाफार असाच दिसू शकतो.

तिसरी गोष्ट लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर असलेल्या झडपेची. काही लोकांच्या झडपेत मुळातच चरबी जास्त असते. ती दोन्ही ओठांवर सारखी पसरलेली असते, एका बाजूला गोळा करून नाही. तिला गाठ म्हणायची नाही.

आतड्याला इजा झाली आहे का, हे स्कॅनवरून कळतं?

बऱ्याच अंशी. भिंत जाड होणं हे फक्त सुजेचं लक्षण आहे. कॉन्ट्रास्ट देऊनही भिंत उजळत नसेल, दोन थरांमध्ये पाणी अडकलं असेल, भिंतीत हवेचे ठिपके असतील, किंवा पोटात मोकळी हवा आणि पाणी असेल तर रक्तपुरवठा तुटला आहे असं धरून चालतात. असा रिपोर्ट टाइप होऊन येण्याची वाट पाहायची नसते, थेट फोन करून सर्जनला सांगायचं असतं.

टीबी तर नाही ना?

मुंबईत हा प्रश्न येणारच, आणि यायला हवा. पोटाचा टीबी नेमका त्याच जागी, झडपेच्या आसपास बसायला आवडणारा आजार आहे. टीबीत भिंत दूरवर जाड होते, सीकम आक्रसून वर ओढला जातो, शेजारच्या लसिका ग्रंथी मोठ्या होतात आणि त्यांचा मध्य काळा दिसतो. इंटससेप्शनमध्येही सीकम आपल्या जागेवर नसतो, पण तो आक्रसलेला नसतो, पुढच्या आतड्यात निघून गेलेला असतो. सोनोग्राफीवर 'उजवीकडे जाड आतडं' एवढंच दिसलं तर दोन्ही शक्यता उघड्या राहतात. त्यावरून टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी सीटी करून घ्यावा.

भावाचा सीटी किडनी स्टोनसाठी केला. त्यात लहान आतड्यात छोटं इंटससेप्शन लिहिलंय. त्याला पोटाचा काहीच त्रास नाही.

हे बहुधा ट्रान्झियंट इंटससेप्शन, म्हणजे आलं-गेलं प्रकरण. स्कॅन फार वेगाने होतात, त्यामुळे आतड्याची जाता जाता झालेली हालचालही त्यांत टिपली जाते. लहान आतड्यात, लांबीला साधारण साडेतीन सेंटिमीटरपेक्षा कमी, टोकाशी गाठ नाही, मागचं आतडं फुगलेलं नाही, अशा सगळ्या गोष्टी जुळल्या तर सहसा काही करावं लागत नाही. काही रुग्णांत त्यामागे सीलिॲक म्हणजे गव्हाच्या ग्लुटेनचा आजार असतो. जुलाब, अशक्तपणा असेल तर डॉक्टर ते तपासतील. मोठ्या आतड्यातलं इंटससेप्शन मात्र कधीच असं सोडून देऊ नये.

एमआरआय किंवा बेरियमची गरज आहे का?

सहसा नाही. एमआरआयवर चरबी टी-वन प्रतिमेत पांढरी आणि फॅट सप्रेशन लावलं की काळी पडते, त्यामुळे निदान स्वच्छ होतं. गर्भवतीत किंवा कॉन्ट्रास्ट चालत नसेल तिथे उपयोगी. बेरियम एनिमा आता जवळपास इतिहासजमा झालाय. त्यात दाब दिला की लायपोमाचा आकार बदलायचा, त्याला स्क्वीझ साइन म्हणत. परीक्षेत अजूनही विचारतात.

कोलोनोस्कोपी झाली. बायोप्सीत 'नॉर्मल म्युकोसा' (निरोगी अस्तर) आलं. मग गाठ कुठे गेली?

गाठ अस्तराखाली आहे आणि चिमटा फक्त अस्तर उचलतो. बायोप्सी नॉर्मल येणं इथे अपेक्षितच आहे. एंडोस्कोपी करणारे डॉक्टर दुसऱ्या खुणा पाहतात: गाठ पिवळसर, चिमट्याने दाबली की खड्डा पडतो आणि पुन्हा भरतो, अस्तर चिमटीत धरून वर उचलता येतं, एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटा घेतला तर पिवळी चरबी बाहेर डोकावते. पण अडकून जखम झालेल्या लायपोमाचं टोक लालभडक, सडल्यासारखं दिसतं आणि ते थेट कॅन्सरसारखं वाटतं. कोलोनोस्कोपी 'कॅन्सर वाटतो' म्हणते आणि सीटी 'चरबी आहे' म्हणतो, असा पेच पडला तर दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून सीटीचे छेद पुन्हा पाहावेत. रुग्णाने या टेबलावरून त्या टेबलावर निरोप नेत बसू नये.

शेजाऱ्यांच्या बाळाचं हवा भरून सोडवलं. आईचं का नाही?

बाळाच्या आतड्यात सहसा गाठ नसते. गुदद्वारातून दाबाने हवा किंवा सलाइन दिलं, शिरलेलं आतडं मागे ढकललं गेलं की आजार संपला. मोठ्यांत मागे ढकललं तरी गाठ तिथेच राहते आणि पुन्हा तेच करते. शिवाय ती कॅन्सरची निघण्याची शक्यता राहते.

लायपोमाच आहे हे आधी कळल्याने ऑपरेशनमध्ये काय फरक पडतो?

बराच पडू शकतो, आणि स्कॅन नीट वाचण्याचा सगळा खटाटोप यासाठीच आहे. लीड पॉइंट काय आहे ते माहीत नसेल तर सर्जन कॅन्सर गृहीत धरतात. शिरलेलं आतडं ओढून सोडवण्याचा प्रयत्न न करता, आजूबाजूच्या लसिका ग्रंथींसकट मोठा भाग काढतात. उजव्या बाजूला असेल तर उजवी हेमिकोलेक्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढणं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची शक्यता लक्षात घेता हे चूक नाही.

सीटीवर लायपोमा ठाम असेल आणि आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असेल तर आतडं हलकेच सोडवून फक्त तेवढाच तुकडा काढणं, किंवा आतडं उघडून गाठ काढून पुन्हा शिवणं, असा छोटा पर्याय सर्जनसमोर येतो. बऱ्याचदा पोटाला छोटी छिद्रं पाडून, लॅपरोस्कोपीच्या दुर्बिणीतून होतो. शंका उरली तर ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन, म्हणजे गोठवून लगेच तपासायचा तुकडा, पाठवतात. आतडं काळं पडलं असेल तर मात्र पर्याय उरत नाही. निदान कितीही पक्कं असलं तरी मेलेला भाग काढावाच लागतो.

देठ असलेली लहान गाठ कोलोनोस्कोपीतूनही काढता येते. मोठ्या आणि रुंद बुडाच्या गाठीत आतड्याला भोक पडण्याची भीती असते, म्हणून ते काम अनुभवी हातातच द्यावं. इंटससेप्शन होऊन अडथळा आलेल्या रुग्णाला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं. सर्जनना इतकंच विचारा: 'सीटीवरून लायपोमाची खात्री किती, आणि त्यामुळे कमी कापता येईल का?'

कॉन्ट्रास्ट आणि रेडिएशनची भीती वाटते.

क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट, पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल किंवा दम लागला असेल तर ती माहिती, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही, स्कॅनआधी सांगा. किडनीचं काम चांगलं असेल तर मेटफॉर्मिनची सहसा अडचण येत नाही; थांबवायची की नाही हे सेंटर सांगेल. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा. अडथळ्याची शंका असताना हा सौदा रुग्णाच्या फायद्याचाच आहे. कारण नसताना दर दोन महिन्यांनी स्कॅन काढणं वेगळं.

मुंबईत कुठे जावं? सोबत काय न्यावं?

तातडीची लक्षणं असतील तर जे मोठं रुग्णालय जवळ आहे तिथे. परळचं केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं राज्य सरकारचं जे. जे. इथे रात्रीही सर्जन आणि सीटी दोन्ही असतात. कल्याण-डोंबिवलीहून कळा देणाऱ्या माणसाला 'नाव मोठं' म्हणून परळपर्यंत आणण्यात दोन तास घालवू नयेत; आधी जवळच्या रुग्णालयात सलाइन, नाकातून नळी आणि सर्जनची तपासणी होऊ द्या. तब्येत स्थिर असेल आणि ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर दुसरं मत घ्यायला वेळ असतो.

जुने रिपोर्ट, सीडी, औषधांची यादी, आधी झालेल्या ऑपरेशनचे कागद सोबत ठेवा. मागच्या वर्षीचा कुठलाही पोटाचा स्कॅन असेल तर तो हमखास न्या. त्यात छोटा लायपोमा आधीच बसलेला दिसला तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसेल का, याची चौकशी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे भरती होतानाच करावी. बिल हातात आल्यावर नव्हे.

ऑपरेशननंतर पुन्हा होतं का?

गाठ पूर्ण निघाली तर त्या जागी सहसा पुन्हा होत नाही. काढलेल्या गाठीची हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा रिपोर्ट) येऊ द्या आणि तो कागद जपून ठेवा. ऑपरेशनआधी कोलोनोस्कोपी पूर्ण झाली नसेल, अडथळ्यापाशी दुर्बीण अडली असेल, तर बरं वाटल्यावर उरलेलं आतडं एकदा पाहून घेतलं जातं, कारण वयामुळे दुसरे पॉलिप असू शकतात. दर सहा महिन्यांनी सीटी करण्याचं कारण नसतं.

तेलकट-तुपकट खाल्ल्याने आतड्यात चरबीची गाठ होते का? आता पथ्य काय?

नाही. आहारातल्या तेला-तुपाचा या गाठीशी संबंध जोडता येत नाही आणि तूप सोडल्याने ती विरघळतही नाही. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस सर्जन सांगतील तसं पातळ, मग मऊ भात, मग नेहमीचं जेवण. आधी पोटदुखीमुळे ज्यांनी स्वतःहून डाळ, भाज्या, दूध असं एकेक बंद करत आणलं असेल, त्यांनी ते हळूहळू परत सुरू करायला हरकत नाही.